धरून सोडलेला मासा

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉस्को गावात मे महिन्याच्या सुरुवातीला माणसं भेटली की एकमेकांना नदीच्या पाण्याचं तापमान विचारतात. पाणी पन्नास अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या दहा अंशांच्या वर गेलं आणि दोन-तीन दिवस तिथे टिकलं, की दुपारी दोनच्या सुमाराला तळातून एक पिंगट किडा वर येऊ लागतो. त्याला हेंड्रिक्सन म्हणतात. वर्षभर तो पाण्याखाली दगडांच्या सांदीत रांगत असतो. वर आला की पंख उघडतो, काठच्या झाडावर जाऊन बसतो आणि तिथे पुन्हा एकदा कात टाकतो. उडते पंख फुटल्यावर कात टाकणारे कीटक जगात या एकाच गणात आहेत. मग पाण्यावर येऊन जोडी जमवायची, अंडी टाकायची आणि मरायचं. पंख आल्यानंतर त्याचं तोंड निकामी असतं, त्यामुळे खाण्याचा प्रश्नच नाही. हा सगळा मामला एक-दोन दिवसांचा. तेवढ्यासाठी न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातून माणसं गाड्या काढून येतात आणि मांड्यांपर्यंत गार पाण्यात तासन् तास उभी राहतात. कारण हा किडा उठला की ट्राउट मासा तो खायला वर येतो.

माझी ताई न्यू जर्सीत एडिसनला राहते. तिकडच्या मराठी घरांचे शनिवार-रविवार ठरलेले असतात : मुलांची मराठी शाळा, नाचाचा नाहीतर तबल्याचा क्लास, मंडळाची तालीम, कॉस्टको. यातून वाट काढून भावोजींनी काही वर्षांपूर्वी फ्लाय फिशिंगचा नाद लावून घेतला. ताईचं म्हणणं, नाद महाग आहे आणि त्यातून घरात आजवर एकही मासा आलेला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. यंदा नऊ वर्षांची भाची ‘मी पण येणार’ म्हणून हटून बसली, म्हणून ताईही निघाली. भावोजींचे वडील, आबा, सहा महिन्यांसाठी देवगडहून आलेले. त्यांना घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून तेही. आबा शाळामास्तर होते, पण सुट्टीचे दिवस त्यांनी खाडीवर गरी टाकूनच काढले. मी पाहुणी होते, आणि मला दिवाळी अंकासाठी विषय हवा होता.

एडिसनहून रॉस्को सुमारे अडीच तासांवर. कॅट्सकिलचे डोंगर दिसू लागले तेव्हा मी जरा हिरमुसलेच. त्यांतला सगळ्यांत उंच स्लाइड माउंटन १,२७४ मीटरचा, आपल्या कळसूबाईपेक्षा चांगला पावणेचारशे मीटरने बुटका. मे उजाडला तरी झाडांना पानं नव्हती, मेपलच्या फांद्यांवर नुसता तांबूस मोहर होता. पण अमेरिकेतल्या फ्लाय फिशिंगची काशी इथेच. गावात बीव्हरकिल आणि विलोविमॉक या दोन नद्या मिळतात. त्या संगमावरच्या डोहाला जंक्शन पूल म्हणतात, आणि १ एप्रिलला हंगाम उघडतो तेव्हा तिथे पहिला गळ टाकायला गर्दी असते. न्यूयॉर्क राज्याबाहेरच्या माणसाला मासेमारीचं लायसन्स एका दिवसाला दहा डॉलर, सात दिवसांना अठ्ठावीस. सोळा वर्षांखालच्या मुलांना लायसन्स लागत नाही. भावोजींनी ते फोनवरच काढलं.

“न्हंयत गरवूक पैशे?” आबा म्हणाले, आणि गाडीत मागे सरकून बसले.

सकाळी नदीवर जायच्या आधी भाचीची शिकवणी गवतावर झाली. शिकवायला एक गाईड बाई होत्या, निवृत्त शिक्षिका. त्यांनी काठीच्या दोरीला गळच लावला नाही, लोकरीचा लाल गोंडा बांधला. गोंडा डोळ्यात गेला तरी चालतो. तरीही चष्मा सगळ्यांना सक्तीचा. मग त्यांनी जे सांगितलं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. साध्या गळाला शिसं असतं. शिसं फेकलं की दोरी त्याच्यामागे जाते. इथली माशी म्हणजे आकड्याभोवती गुंडाळलेली पिसं आणि लोकर, तिला वजनच नाही. म्हणून इथे दोरीच जाड आणि जड बनवतात, आणि दोरीच फेकतात. काठी मागे न्यायची आणि थांबवायची. दोरी मागे हवेत सरळ होईपर्यंत वाट पाहायची. मग पुढे, आणि पुन्हा थांबायचं. मोठी माणसं जोर लावतात, म्हणून त्यांची दोरी गळ्यात पडते. मुलांच्या अंगात तेवढा जोर नसतो, म्हणून त्यांना लवकर जमतं, असं बाईंचं मत. भाचीला मात्र लवकर जमलं नाही. दोरी मागे सरळ होण्याआधीच ती पुढे ओढायची आणि गोंडा तिच्याच टोपीवर येऊन बसायचा. आबा खुर्चीतून बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. “वला धोतार झटकतंत तसा कर गो बाय. मागे जरा थांब, मगे झटक.” नऊ वर्षांच्या, न्यू जर्सीत जन्मलेल्या मुलीने ओलं धोतर झटकताना पाहिलेलं असण्याची शक्यता शून्य. पण आबांनी उठून हाताने करून दाखवलं आणि पुढच्या दोऱ्या सरळ जाऊ लागल्या. गाईड बाईंनी आबांचा हात पुन्हा एकदा बघून घेतला.

दोरी फेकण्याचं असं टप्प्याटप्प्याने शिकवण्याजोगं शास्त्र करण्यात जोन वुल्फ या बाईंचा वाटा फार मोठा आहे. जन्म १९२६. लांब फेकण्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत १९५१ साली त्यांनी सगळ्या पुरुषांना हरवलं, आणि १९६० मध्ये १६१ फूट दोरी फेकली. त्यांनी आणि त्यांचे पती ली वुल्फ यांनी १९७९ साली बीव्हरकिलच्या वरच्या अंगाला, ल्यू बीच इथे शाळा काढली. त्याआधी बहुतेक लोक वडील किंवा काका करतात ते बघून शिकत. जोनबाईंनी फेकीचे भाग पाडले, त्यांना नावं दिली, आणि हे काम ताकदीचं नाही हे दाखवून दिलं. या नदीवर बायका कमी दिसतात, पण गेल्या शतकातला या नदीचा इतिहास बायकांशिवाय लिहिता येत नाही. वॉल्ट आणि विनी डेट या जोडप्याने १९२८ साली माश्या बांधून विकायचा धंदा सुरू केला, त्यांची मुलगी मेरी तेच करत राहिली, आणि ते दुकान अजून चालू आहे. एल्सी डार्बी आणि त्यांचे पती हॅरी हे त्यांचे समकालीन. या बायका घरच्या टेबलावर पिसं बांधत आणि देशभरातून मागणी येई.

जवळच विलोविमॉकच्या काठी फ्लाय फिशिंगचं संग्रहालय आहे. ताई तिथे कंटाळेल असं वाटलं होतं, पण पिसांच्या कपाटापुढून ती हलेना. ती हातमागाच्या साड्यांची शौकीन. रंगांची तिला नजर आहे, आणि इथे सगळा खेळ करड्याच्या छटांचा. हेंड्रिक्सन किड्याची नक्कल रॉय स्टीनरॉड नावाच्या पोस्टातल्या माणसाने १९१६ साली जंक्शन पूलच्या खालच्या अंगाला पहिल्यांदा बांधली. सोबत मासे धरणाऱ्या आल्बर्ट हेंड्रिक्सन या मित्राचं नाव त्याने माशीला दिलं, आणि पुढे किडाही त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. तिचं अंग कोल्ह्याच्या पोटाखालच्या फिकट लोकरीचं, पंख वुड डक या बदकाच्या कुशीच्या पिवळसर पिसाचे, आणि मानेभोवती निळसर करड्या कोंबड्याचं पीस. स्टीनरॉडला हे शिकवलं थिओडोर गॉर्डनने. हा क्षयरोगी, एकटा माणूस शेजारच्या नेव्हरसिंक नदीकाठी राहायचा. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हॅलफर्ड पाण्यावर तरंगणाऱ्या माश्यांवर लिहीत होता. गॉर्डनने त्याला पत्र टाकलं, आणि १८९० च्या फेब्रुवारीत लिहिलेलं उत्तर आलं, सोबत नमुन्याच्या माश्या. इंग्लंडच्या संथ पाण्यासाठी बांधलेल्या त्या माश्या कॅट्सकिलच्या खळाळात टिकणाऱ्या नव्हत्या. गॉर्डनने इथले किडे पाहून नव्या बांधल्या. तो १९१५ मध्ये गेला. ज्या पाण्यात त्याने त्या आजमावल्या, त्यातलं बरंच आता नेव्हरसिंक धरणाखाली आहे. ते पाणी न्यूयॉर्क शहर पितं. शहराच्या पाण्यापैकी जवळपास नव्वद टक्के कॅट्सकिल आणि डेलावेअर खोऱ्यांतून येतं, तेही गाळणी प्रकल्पाशिवाय. इथलं जंगल राखण्यामागे निसर्गप्रेम किती आणि शहराची तहान किती, हे ज्याने त्याने ठरवावं.

शनिवारी दुपारी आम्ही संगमाच्या खालच्या अंगाला उतरलो. पाणी अकरा अंश. भावोजींनी भाचीला वेडर्स, म्हणजे पाण्यात उतरायची विजार, घातली आणि कमरेचा पट्टा आवळला. पडलं तर विजारीत पाणी भरू नये म्हणून हा पट्टा लागतो आणि त्याबाबत तडजोड नाही. तिला गुडघाभर पाण्यातच उभं केलं, वरच्या बाजूला स्वतः उभे राहिले. दीड वाजला, दोन वाजले. काही नाही. भाचीने दगड उचलून खालचे किडे बघायला सुरुवात केली. माझ्या मते शनिवारचा खरा कार्यक्रम हाच. तिने एक पसरट डोक्याचा किडा शोधला, एक काड्याकुड्यांच्या नळीत राहणारा शोधला, आणि शेपटीचे तीन केस असलेला, पाठीवर काळी पंखपिशवी फुगलेला एक. “हा आज उडणार,” बाई म्हणाल्या. तासाभरात खरंच पाण्यावर बारीक करड्या शिडांसारखे पंख दिसू लागले, आणि मग मासा उठल्याची वर्तुळं. भावोजींनी दोन ट्राउट धरले. हात ओला करून उचलले, आकडा काढला, प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरून ठेवले आणि सोडून दिले. आकड्याचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून टाकलेला होता, त्यामुळे आकडा अलगद निघाला.

काठावर आबा उभे होते. दुसरा ट्राउट हातभर होता.

“परत सोडलंस? मासो धरून परत सोडूचो, तर मगे धरूचो कित्याक?”

इतक्या सरळ विचारलेल्या या प्रश्नाचं उत्तर सरळ नाही. भावोजींनी पाटीकडे बोट दाखवलं. बीव्हरकिलचा हा टप्पा १९६५ पासून ‘नो किल’ आहे : नुसती कृत्रिम माशी वापरायची, आणि धरलेला प्रत्येक मासा सोडायचा. यामागचा विचार ली वुल्फ यांनी १९३९ च्या आपल्या पुस्तकात मांडला होता. चांगला मासा एकदाच धरून संपवणं परवडणारं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याला तिकडे बरेच लोक करुणा समजतात. मला ती करुणा वाटत नाही. तो हिशेब आहे, आणि हिशेब म्हणून तो चोख आहे. महानगर अडीच तासांवर, काठ्या हजारो, नदी एवढीशी. प्रत्येकाने दोन मासे घरी नेले तर जूनमध्ये नदी रिकामी. सोडले तर तोच मासा हंगामात अनेकांना मिळतो, आणि गावची मोटेलं चालतात.

“त्याला दुखत नाही का?” भाचीने विचारलं. तिच्या बाबांनी ‘फार नाही’ म्हणून वेळ मारून नेली. २००३ साली स्कॉटलंडमधल्या रोस्लिन संस्थेत लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या डोक्यात इजा टिपणारे मज्जातंतू दाखवले. ओठांत जळजळणारं द्रव्य टोचल्यावर मासे खाणं बंद करत आणि ओठ खड्यांवर घासत, हेही नोंदवलं. त्यावर दुसऱ्या बाजूचे शास्त्रज्ञ म्हणतात, माशाच्या मेंदूत वेदना ‘जाणवायला’ लागणारा भागच नाही. वाद चालू आहे. स्वित्झर्लंडने मात्र सोडून देण्याच्याच इराद्याने मासे धरायला बंदी केली. जर्मनीतही प्राण्याला विनाकारण त्रास देणं गुन्हा असल्यामुळे निव्वळ मजेसाठी धरून सोडणं कायद्यात बसत नाही. तिथे मासा खाण्यासाठीच धरायचा. म्हणजे आबांचा प्रश्न जर्मन कायद्यालाही पडलेला आहे.

गंमत अशी, की भावोजींनी सोडलेले दोन्ही मासे वंशाने जर्मन. कॅट्सकिलचा मूळचा मासा ब्रूक ट्राउट. एकोणिसाव्या शतकात इथे चामडं कमावण्याचे कारखाने आले, त्यांना हेमलॉक झाडाची साल लागे. डोंगरच्या डोंगर सोलले गेले. सावली गेली, ओढे तापले, कारखान्यांची घाण पाण्यात आली, आणि ब्रूक ट्राउट वरच्या गार झऱ्यांत हटला. १८८३ च्या फेब्रुवारीत बॅरन फॉन बेर यांनी जर्मनीहून ब्राउन ट्राउटची अंडी पाठवली. फ्रेड माथर यांनी ती लाँग आयलंडवरच्या कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या केंद्रात उबवली. हा मासा थोडं तापलेलं पाणीही सोसतो. त्याने नदी भरून काढली, आणि उरल्यासुरल्या ब्रूक ट्राउटला आणखी मागे रेटलं.

रात्रीच्या मोटेलबद्दल सांगण्यासारखं काही नाही. रॉस्को डायनरचा फ्रेंच टोस्ट मोठा आहे, एवढं खरं.

रविवारी किडा उठलाच नाही. वारा होता, ढग होते, भावोजी ‘निंफ’ म्हणतात ती पाण्यात बुडणारी माशी लावून घाम गाळत होते. भाची खालच्या एका शांत डोहात बाईंबरोबर होती. तिथे काठी मागे न नेता पाण्यावरूनच दोरी गोल उलटवून टाकतात. झाडीत अडकत नाही. अकराच्या सुमाराला तिची दोरी ताणली गेली. ओरडाआरडा झाला, ताई फोन शोधू लागली, आबा धावत खाली आले. वीतभर, मोठ्या खवल्यांचा, रुपेरी मासा. पलीकडच्या काठावरच्या एका गृहस्थाने बघितलं आणि “फॉलफिश” म्हणून पाठ फिरवली. फॉलफिशला इथे किंमत नाही. ट्राउटवाले त्याला वैतागतात.

आबांनी मात्र तो ओल्या हातात घेऊन नीट पाहिला. “ह्यो आपल्यातलो दिसता,” म्हणाले. ते बरोबर होतं. फॉलफिश रोहू-महाशीराच्या गणातला मासा. आणि बाईंनी पुढे जे सांगितलं त्याने आमचं पारडं आणखी जड झालं. त्या दोन दिवसांत आम्ही धरलेल्या माशांत मूळचा अमेरिकन हा एकटाच. शिवाय कष्टाळू. वसंतात नर तोंडाने एकेक खडा उचलून आणतो आणि अंड्यांसाठी खड्यांची रास रचतो. तशी एक, बहुधा गेल्या वर्षीची, डोहाच्या तोंडाशी होती. आम्ही आदल्या दिवशी तिच्याजवळून गेलो होतो, आणि कोणी मुलांनी रचली असेल असं समजलो होतो. भाचीने स्वतः मासा सोडला. आबा काही बोलले नाहीत.

बोलले ते परतीच्या वाटेवर, आणि विषय काढला चढणीचा. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून ओढे वाहू लागले की कोकणात मासे उलट्या पाण्याने वर चढतात, शेतांत, ओहोळांत, अंडी घालायला. त्या रात्री अख्खा गाव बॅटऱ्या, कोयत्या, पाग घेऊन बाहेर पडतो. चढणीच्या माशांची गाबोळी म्हणजे वर्षातून एकदाच मिळणारी चैन. आबांनीही आयुष्यभर खाल्ली. समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ती माशांना अंडी घालू द्यावीत म्हणून. “ओढ्यार कोण इचारता?” आबा म्हणाले. “आमच्या लहानपणी पोत्यान् मिळायचे. आता टोपलीभर गावले तर नशीब.” घटीला कारणं पुष्कळ आहेत : बंधारे, वाळूउपसा, शेतातली औषधं. पण अंड्यांनी भरलेली मादी त्याच रात्री मारणं हेही एक आहे, आणि बाकीच्या कारणांपेक्षा ते गावाच्या हातातलं आहे.

मी पुण्याची, त्यामुळे मला बोट दाखवायचा अधिकार कमीच. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली ज्या महाशीराचं शास्त्रीय वर्णन केलं आणि इथल्याच लोकांच्या तोंडचं ‘खुद्री’ हे नाव त्याला लावलं, तो मासा पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला होता. आज त्या नदीवरून जाताना आम्ही गाडीच्या काचा वर करतो. खुद्री टिकला त्यात टाटांच्या लोणावळ्याच्या वळवण केंद्राचा वाटा मोठा. तिथे १९७० च्या दशकापासून त्याची पैदास होते. पण तिथलीच पिल्लं कावेरीत सोडली गेली आणि तिथल्या मूळच्या कुबडवाल्या महाशीराला ती भारी पडली. तो मासा आता अतिसंकटग्रस्त यादीत आहे. ब्राउन ट्राउटने कॅट्सकिलमध्ये जे केलं, तेच आपल्या खुद्रीने कावेरीत केलं.

आपल्याकडे धरून सोडायची रीत नाही, आणि ती आणावी असं मला वाटत नाही. मासा खाणाऱ्या माणसाने मासा खावा. पण न धरण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. महाडजवळ वाळण कोंडीत महाशीर माणसांच्या हातातून चुरमुरे खातात, आणि देवीचे मासे म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही. तिथे पाटी नाही, दंडाची पावती नाही. बीव्हरकिलला जे १९६५ साली सुचलं ते त्या कोंडीत त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

म्हणून देवगड, मालवण, चिपळूण, महाड इथल्या वाचकांना एक विनंती. येत्या मृगाच्या आधी गावच्या ओढ्यातली एक कोंड निवडा, आणि पहिल्या पावसानंतर पंधरा दिवस तिथे आणि तिच्या वरच्या ओहोळात कोणी पाग टाकणार नाही, कोयती चालवणार नाही, असा ठराव ग्रामसभेत करून घ्या. देवाचं नाव लागत असेल तर देवाचं लावा. बाकीचा ओढा खुला राहू द्या.